एकवीस दिवस आणि एक रात्र

खाली लिहिलेली रात्र कोणा एका घरची नाही. केज तालुक्यात दुधासाठी संकरित गाई आल्या तेव्हापासून ती या ना त्या गोठ्यात येतेच आहे. गावात ती एका दमात सांगितली जाते : "काल व्यायली, रात्री बसली, सकाळी गेली." मग कोणी म्हणतं नजर लागली, कोणी म्हणतं पान लागलं, म्हणजे साप चावला. कारण बहुतेक वेळा दुग्धज्वर असतं, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम एकाएकी घसरणं. त्याची तयारी त्या रात्रीच्या कितीतरी आधी झालेली असते, म्हणून हा घटनाक्रम लांबून सुरू करावा लागतो.

गोठा मांजरा नदीच्या काठचा. धनेगावच्या धरणाचं पाणी आहे म्हणून ऊस, ऊस आहे म्हणून वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणि वाढं आहे म्हणून दावणीला दोन गाई. महिना जानेवारीचा, ऊसतोड जोरात. थोरली होलस्टीन संकरित, तीन वेतं झालेली, मागच्या वेताला दिवसाला अठरा लिटर देणारी, आता चौथ्यांदा गाभण. धाकटी तिसऱ्यांदा गाभण, तिचे दिवस थोरलीच्या तीन आठवडे मागे. शून्य तास म्हणजे थोरलीचं हृदय थांबण्याची वेळ, सकाळचे साडेसहा.

शून्याआधी ६० दिवस

थोरलीला आटवलं. गाईचा गाभणकाळ साधारण २८० दिवसांचा. त्यातले शेवटचे दोन महिने कासेला विसावा. वासराची वाढ सर्वांत वेगाने याच दिवसांत होते.

ती भिंत चाटू लागली आहे. मालकाचा घामट सदरा दिसला की जीभ बाहेर काढते. गाभण जनावराच्या अंगात रक्त आणि पाणी वाढतं, आणि तेवढ्या पाण्याला तेवढं सोडियम लागतं. कडब्यात ते नगण्य असतं. अशा वेळी मूत्रपिंडाशेजारची अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढवते. ते मुतावाटे जाणारं सोडियम अडवतं आणि त्याऐवजी पोटॅशियम सोडतं. गाईच्या तोंडात दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लाळ सुटते. सोडियम कमी पडलं की तीत सुद्धा हीच अदलाबदल होते. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला डेरेक डेंटन यांनी मेंढ्यांवर हे वर्षानुवर्षं अभ्यासलं. मेंढीच्या लाळेची वाट बाहेर काढून सोडियम वाहू दिलं, की गेलं तेवढं ती जवळजवळ मापाने पिऊन भरून काढी. रानसशांमध्ये गाभणपणी आणि पिल्लं पाजण्याच्या दिवसांत मिठाची ओढ किती वाढते, हेही त्यांच्या कामातून दिसलं. म्हणजे मिठाचं गणित मुकं जनावर स्वतः सांभाळतं. आपण चाटण वीट टांगायची, एवढंच.

कॅल्शियमची गोष्ट मात्र वेगळी. त्याची ओढ गाईला अशी जिभेवर कळत नाही. ते सगळं काम रक्तातल्या रक्तात चालतं.

शून्याआधी २१ दिवस

खरा दिवस हा. या दिवशी गोठ्यात काहीच घडत नाही, गाय ठणठणीत आहे, आणि तरीही त्या रात्रीचा निकाल इथेच लागतो आहे.

व्यायला तीन आठवडे राहिले म्हणून घरात तिचं कोडकौतुक सुरू झालं. सकाळी लसूणघास. दुपारी हिरवंगार हत्तीगवत, ज्याला खत आणि शेणखत भरपूर मिळालेलं. संध्याकाळी तोडीच्या फडातून आणलेलं वाढं, पोटभर. पचायला बरं म्हणून आंबोणात मूठभर खायचा सोडा. आणि दुकानातून आणलेलं कॅल्शियमचं पातळ औषध, रोज न चुकता, "व्याल्यावर दूध लागेल म्हणून." यातली एकही गोष्ट दुष्टाव्याने केलेली नाही. पोटच्या लेकीचं पहिलं बाळंतपण करावं त्या मायेने केलेली आहे. म्हणूनच हे सांगताना जीव तुटतो.

कॅल्शियमचं आता पाहू. रक्त म्हणजे घरावरची टाकी आणि हाडं म्हणजे विहीर, असं धरा. शरीरातलं जवळजवळ सगळं कॅल्शियम, शंभरातले अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव भाग, हाडांच्या विहिरीत असतं आणि ते काही किलो भरतं. टाकीत मात्र, म्हणजे सगळ्या रक्तद्रवात मिळून, फक्त तीन ग्रॅमच्या आसपास. या तीन ग्रॅमवर हृदय चालतं, पाय उभे राहतात, आतडी हलतात, गर्भाशय आवळतं. टाकी उतरू लागली की मानेतल्या परावटू ग्रंथी जाग्या होतात आणि त्यांचं संप्रेरक तीन ठिकाणी हुकूम पाठवतं. मूत्रपिंडाला सांगतं : मुतावाटे कॅल्शियम सोडू नकोस, आणि ड जीवनसत्त्वाचं कामाचं रूप तयार कर. ते ड जीवनसत्त्व आतड्याला सांगतं : चाऱ्यातून जास्त ओढून घे. आणि हाडांना थेट हुकूम : साठा मोकळा करा. मूत्रपिंड लगेच ऐकतं, पण तिथं वाचण्यासारखं थोडंच असतं. आतड्याला नीट जुंपायला एक दिवस लागतो. हाडांना दोन दिवस.

हे दोन दिवस लक्षात ठेवा. व्याल्यावर गाईकडे दोन दिवस नसतात. म्हणून ही यंत्रणा व्यायच्या आधीच तापलेली हवी. आपल्या थोरलीच्या गव्हाणीत तिला थंड ठेवण्याची सगळी सोय आहे. रोज आयतं कॅल्शियम मिळतं, त्यामुळे ग्रंथीला काम नाही, आतड्याला सवय नाही. दुसरं कारण अधिक खोल आहे आणि गोठ्यात ते क्वचितच कोणाला ठाऊक असतं. खत खाल्लेल्या हिरव्या चाऱ्यात आणि लसूणघासात पोटॅशियम भरपूर असतं, सोड्यात सोडियम. हे दोन्ही क्षार रक्ताचा कल अल्कलीकडे झुकवतात. तसं झालं की परावटू संप्रेरक मूत्रपिंडाच्या आणि हाडांच्या पेशींवर नीट बसतच नाही. हुकूम सुटतो, ऐकणारा बहिरा. शिवाय जास्त पोटॅशियममुळे पोटातून मॅग्नेशियम कमी शोषलं जातं, आणि मॅग्नेशियमवाचून ही ग्रंथी आपलं संप्रेरक पुरेसं सोडतही नाही.

नॉर्वेच्या लोकांना हे साठच्या दशकात चाऱ्यातून कळलं. तिथं गवत खनिज आम्ल घालून मुरवत. एंडर, डिशिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की असा आंबट चारा व्यायच्या आधी खाणाऱ्या गाई बसत नाहीत. क्लोराइड आणि सल्फेट रक्ताला उलट्या बाजूला झुकवतात, आणि संप्रेरकाचा हुकूम पुन्हा ऐकू येतो. आज गाभण गाईंना शेवटचे तीन आठवडे देण्याची जी ऋणभारित क्षारांची मिश्रणं मिळतात, ती याच निरीक्षणातून आली. ती लागू पडली का, हे मूत सांगतं : एरवी आठच्या वर असणारा सामू सहा-सात यांच्या दरम्यान उतरतो. पट्टी बुडवली की कळतं.

वाढ्याबद्दल वेगळं बोललं पाहिजे, कारण बीड जिल्ह्याचा आणि वाढ्याचा संबंध फार जवळचा आहे. इथल्या टोळ्या दिवाळीच्या सुमाराला बैल, गाई, शेरडं घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात आणि जनावरं चार-पाच महिने वाढ्यावर काढतात. २०१९ च्या दुष्काळात जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उभ्या राहिल्या, तिथंही दावणीला मुख्यतः ऊसच होता. वाढ्यात ऑक्झलेट असतं. ते चाऱ्यातल्या कॅल्शियमला धरून न विरघळणारा क्षार करतं, आणि पोटात गेलेलं कॅल्शियम शेणावाटे बाहेर पडतं. पोटातले जंतू काही ऑक्झलेट मोडतात, पण हळूहळू सवय झाली तरच. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडून मग घालावं असं पशुवैद्यक सांगत आले आहेत ते यासाठीच. दुष्काळात वाढ्याला नावं ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. दुसरं काही नसताना त्यानेच जनावरं जगवली. पण घरात कडब्याची गंज असताना गाभण गाईला वाढं का, हा प्रश्न विचारावासा वाटतो.

शून्याआधी ३ दिवस

शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडे खड्डे पडले. कास टरारली, सड चकाकू लागले. इस्ट्रोजेन शिखरावर आहे. तेच प्रसूतीची वाट मोकळी करतं आणि तेच हाडांतून साठा सुटायला आडकाठी करतं. गाईची भूकही मंदावली. विहिरीवर झाकण आणि चाऱ्याची आवक कमी, दोन्ही एकदम.

शून्याआधी १४ तास ३० मिनिटं : दुपारचे चार

व्यायली. कालवड झाली. घरातली पोरं शाळेतून येऊन दप्तरं टाकून गोठ्यात. म्हातारीने गाईच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं. गाय उभी राहून वासरू चाटते आहे. वार अजून पडलेली नाही, पण त्याची काळजी करायला वेळ आहे असं सगळ्यांना वाटतं. रक्तातलं कॅल्शियम घसरायला लागलं की गर्भाशय आवळायचं बळ कमी पडतं आणि वार अडकते. कधी अंगच बाहेर येतं.

शून्याआधी १२ तास : संध्याकाळचे साडेसहा

कालवडीला पाजलं, ते उत्तमच. मग कास पूर्ण रिकामी केली. आठ लिटर चीक निघाला, दाट, पिवळा. शेजारच्या तीन घरी वाट्या गेल्या, घरात खरवस शिजला.

चिकात लिटरला दोन ग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. आठ लिटरचे झाले सोळा ते अठरा ग्रॅम. टाकीत तीन ग्रॅम असताना कासेने सहा टाक्या ओढल्या. हे ओढणं कासेत चीक तयार होत असतानाच सुरू झालेलं होतं, आणि कास रिकामी केल्यावर पुन्हा भरण्यासाठी ते आणखी जोराने चालू राहिलं. इथली देवणी किंवा लाल कंधारी गाय चार-पाच लिटर दुधाची; तिची टाकी आणि तिची कास यांचा मेळ असतो, ती सहसा बसत नाही. आपण अठरा लिटरची कास आणली, पण टाकी तेवढीच राहिली. म्हणून पहिला दिवस-दीड दिवस वासराला पुरेल आणि थोडा वर एवढाच चीक काढावा. कास पूर्ण पिळू नये.

शून्याआधी ९ तास : रात्रीचे साडेनऊ

गाय मागच्या पायांवर आळीपाळीने भार टाकते आहे. मान उगाच झटकते. मांडीचं आणि खांद्याचं कातडं थरथरतं. समोरच्या घासाला तोंड लावलं नाही. ही पहिली पायरी, फार तर तासभराची, आणि नेमकी ती घरात जेवणं चालू असताना निघून जाते.

शून्याआधी ७ तास ३० मिनिटं : रात्रीचे अकरा

"अवो, गाय कशीतरीच करायलीय. बघा बरं जरा."

ती मागच्या बाजूला झोकांडली आणि बसली. उठवायला गेलं तर पुढचे पाय टेकते, मागचे उचलत नाहीत. "व्यायल्यानं दमली असंल," असं म्हणून तिच्याखाली उसाचं पाचट पसरलं. शेण पडलेलं नाही. रवंथ नाही. नाकपुडी कोरडी.

शून्याआधी ६ तास : रात्रीचे साडेबारा

तिने मान वळवून कुशीवर टाकली. सरळ केली की पुन्हा तिथंच जाते आणि मानेला एक बाक येतो. हे दृश्य एकदा पाहिलेला माणूस ते दारातूनच ओळखतो. कान हाताला गार लागतात, पायही गार. "लेकरा, थंडी बाधली असंल, बारदान टाक अंगावर," म्हातारी म्हणाली. बाहेर जानेवारीतली थंडी आहे, त्यामुळे कोणालाही तसंच वाटलं असतं. पण धाकटीचे कान चाचपून पाहिले असते तर ते कोमट लागले असते, थंडी दोघींना सारखीच असूनही. थोरलीच्या अंगाचं तापमान उतरलं आहे, कारण हृदयाचा ठोका दुबळा होऊन कातडीपर्यंत रक्त पोचेना. निरोगी गाईच्या शंभर मिलिलिटर रक्तात साडेआठ ते दहा मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. या अवस्थेत ते पाचच्या आसपास किंवा त्याखाली गेलेलं असतं.

या क्षणी गोठ्यात पशुवैद्यक असता तर काय झालं असतं, ते सांगितलंच पाहिजे, कारण एवढ्या मोठ्या आजाराला इतका झटपट उतारा क्वचितच सापडतो. कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची ४५० मिलिलिटरची बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची. मानेची शीर अंगठ्याने दाबून फुगवायची, सुई घालायची, आणि औषध थेंबाथेंबाने, पंधरा-वीस मिनिटं घेऊन जाऊ द्यायचं. डॉक्टरांचा दुसरा हात हृदयावर, कारण घाईने सोडलेलं कॅल्शियम त्याच हृदयाला थांबवतं. अर्धी बाटली संपता संपता मांड्या थरथरतात. ढेकर येते. नाकपुडीवर दवासारखे थेंब दिसू लागतात. गाय शेण टाकते आणि बऱ्याचदा तासाभरात स्वतःच्या पायावर उभी राहते. काही गाई दिवस-दोन दिवसांत पुन्हा बसतात, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. पण जीव वाचतो.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे नव्हतं. बसलेल्या गाईंतल्या निम्म्याहून जास्त मरत. १८९७ मध्ये डेन्मार्कमधल्या कोल्डिंगच्या श्मिट या पशुवैद्याने कासेत पोटॅशियम आयोडाइडचं पाणी भरून पाहिलं आणि गाई उठू लागल्या. मग लोकांना कळलं की नुसती हवा भरली तरी चालतं. कास फुगली की दूध उतरणं थांबतं, दूध थांबलं की रक्तातून कॅल्शियम जाणं थांबतं. पण हे कारण तेव्हा माहीत नव्हतं. १९२५ मध्ये एडिंबरोच्या ड्रायर आणि ग्रेग यांनी बोट परावटू ग्रंथीकडे दाखवलं, आणि ग्रेग यांनी पुढे पाच-सहा वर्षांत कॅल्शियम टोचण्याचा उपचार बसवला. तोच आजही चालतो. केजच्या गोठ्यात आज रात्री हवी आहे ती बाटली गावापासून काही किलोमीटरवर, औषधाच्या दुकानात कपाटात आहे.

शून्याआधी ४ तास ३० मिनिटं : रात्रीचे दोन

अंगात बळ यावं म्हणून गूळ-पाणी केलं. तोंड वर धरून नळीने पाजलं. गाईच्या घशाचे स्नायू आता ढिले पडलेले आहेत, तिला गिळता येत नाही. पाजलेलं थोडं पोटात गेलं, थोडं श्वासनलिकेत. ती खोकलीसुद्धा नाही. गुळाचं पाणी असो की तेल, बसलेल्या आणि मान टाकलेल्या जनावराला तोंडाने काहीही पाजणं म्हणजे त्याच्या फुफ्फुसात ओतणं. वाचलीच तर पुढे न्युमोनियाने जाते.

मागच्या पायांचंही नुकसान सुरू झालं आहे. साडेचारशे किलोचं शरीर तीन तास एकाच कुशीवर. अजून काही तास असंच राहिलं तर खालच्या मांडीचे स्नायू आणि शिरा दबून निकामी होतील, मग रक्तातलं कॅल्शियम भरून आलं तरी ती उठणार नाही. दर दोन तासांनी कूस बदलायला हवी होती, खाली मऊ पेंढ्याचा जाड थर हवा होता.

शून्याआधी ३ तास : पहाटेचे साडेतीन

आडवी झाली. पाय लांब. आता पोटातला वायू ढेकरीने निघत नाही, डावी कूस फुगते आहे. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, विजेरीच्या उजेडालाही आकसत नाहीत. तिला टेकू देऊन छातीवर बसवलं असतं तर फुगारा तरी उतरला असता.

शून्याआधी १ तास ३० मिनिटं : पहाटेचे पाच

"साहेब, गाय बसलीय. काल व्यायलीय. उठंना गेलीय."

"मान कुशीवर टाकली होती का?"

"टाकली होती. आता आडवी पडलीय."

"किती वाजता बसली?"

"अकरा वाजता."

पलीकडे क्षणभर शांतता. "निघालोच. तिला छातीवर बसवा, दोन्हीकडून पोती लावा. तोंडानं काही पाजू नका."

रात्री अकराला हा फोन झाला नाही, कारण "एवढ्या रात्री कोण येणार." ही भीड चांगल्या माणसांची असते. तिने गोठे रिकामे होतात.

शून्य : सकाळचे साडेसहा

डॉक्टरांची मोटारसायकल वस्तीच्या रस्त्याला लागली तेव्हा हृदय थांबलं होतं. आजच्या बाजारात अशी गाय लाखाच्या घरात जाते, आणि बहुतेक वेळा ती कर्जावर घेतलेली असते. दुधाचा रोजचा पैसा बुडतो तो वेगळाच. कालवडीचं आज कालच्या उरलेल्या चिकावर भागेल.

शून्यानंतर

धाकटीला आता बरोबर एकवीस दिवस आहेत. डॉक्टर परत जाण्याआधी तिच्याकडे वळले, ते योग्यच. तिच्यापुढून लसूणघास आणि हत्तीगवत आजपासून उचलायचं आणि ज्वारीचा कडबा टाकायचा. वाढं बंद, सोडा बंद, कॅल्शियमचं औषध व्यायपर्यंत बंद. मीठ बेताचं, कारण जास्त मिठाने कासेला सूज येते आणि रक्ताचा कलही बिघडतो. ऋणभारित क्षारांचं मिश्रण डॉक्टरांच्या मापाने, आंबोणात मिसळून, कारण चव कडवट असते आणि नुसतं दिलं तर गाय तोंड फिरवते. आठ दिवसांनी मूत पट्टीवर तपासायचं. व्याल्याबरोबर आणि पुन्हा बारा तासांनी तोंडाने द्यायचं कॅल्शियम जेल, ती उभी आणि गिळती असतानाच. डॉक्टरांचा नंबर आणि फिरत्या पशुचिकित्सालयाचा १९६२ हा नंबर गोठ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहायचा. व्यायच्या रात्री आणि त्यापुढच्या दोन रात्री घरातल्या कोणीतरी दर दोन तासांनी उठून तिला उभी करून पाहायचं. उभी राहिली नाही तर घड्याळात किती वाजलेत हे न बघता फोन लावायचा.